हातात धरायचा सीएनसी राउटर प्रीऑर्डर करू का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लाकूडकाम करणाऱ्या ग्रुपमध्ये दर थोड्या दिवसांनी कोणीतरी अशा टूलची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने लाकूड कापणाऱ्या (सीएनसी) हातातल्या राउटरची, जाहिरात टाकतं आणि खाली तेच तेच प्रश्न येतात, मी तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळलोय, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो. मी सुतार नाही, हौशी माणूस आहे, सुट्टीच्या दिवशी भुसा उडवणारा. त्या हिशोबाने वाचा.

हे टूल नेमकं करतं काय?

दिसायला साधा राउटरच, म्हणजे फिरत्या पात्याने (त्याला बिट म्हणतात) लाकडात खाचा आणि आकार कापणारं मशीन, दोन्ही बाजूंना हँडल, वर एक स्क्रीन आणि पुढे बघणारा एक कॅमेरा. लाकडावर आधी एक खास टेप चिकटवायची, डॉमिनोच्या सोंगट्यांसारखे काळे-पांढरे ठिपके असतात तिच्यावर. मग टूल त्या जागेवरून फिरवून कॅमेऱ्याला सगळी टेप दाखवायची, त्यावरून ते जागेचा नकाशा बनवतं. आता ते कुठेही ठेवलं तरी आपण या फळीवर नक्की कुठे आहोत हे त्याला कळतं. स्क्रीनवर तुमचं ड्रॉइंग फळीवर ठेवल्यासारखं दिसतं, ते बोटाने सरकवून हवं तिथे बसवायचं, बटण दाबलं की बिट खाली उतरतं आणि तुम्ही रेघेवरून टूल ढकलत न्यायचं.

गंमत इथे आहे. ढकलता तुम्ही, पण बिट ज्या भागात बसवलंय तो भाग आतल्या आत मोटरने थोडा इकडेतिकडे सरकू शकतो, त्यामुळे तुमचा हात रेघेपासून थोडा हलला तरी बिट रेघेवरच राहतं. फार बाहेर गेलात तर बिट आपोआप वर उचललं जातं आणि कट थांबतो. मोठी हालचाल माणसाची, बारीक हालचाल मशीनची, बस. याच वाटणीमुळे एवढंसं टूल दारावरसुद्धा काम करू शकतं, आणि मोठ्या सीएनसी मशीनसारखी त्याला टेबलाच्या मापाची मर्यादा राहत नाही.

म्हणजे मला काहीच येत नसलं तरी चालेल?

नाही हो. हाताची थरथर ते भरून काढतं, डोक्याची नाही. माप चुकीचं टाकलंत तर चुकीच्याच मापाचं भोक अगदी सुबक पाडून देईल. फळी वाकडी असेल तर खोली कमीजास्त येणार, क्लॅम्प ढिला असेल तर फळी सरकणार, बोथट बिट लावलंत तर कडा जळणार. शिवाय बिट गोल असतं, त्यामुळे आतले कोपरे काटकोनात कधीच निघत नाहीत, ६ मिमीच्या बिटाने कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहतेच, ती पटाशीने काढा नाहीतर ड्रॉइंगमध्येच कोपऱ्याला जादा खाच द्या. हे ज्याला साध्या राउटरवर कळलंय त्याला हे टूल आवडतं, ज्याला नाही त्याला महागडं टूल घेऊन तेच कळतं.

ही आयडिया नवीन आहे का? की कोणीतरी उगाच हवा करतंय?

आयडिया चांगली दहा वर्षांहून जास्त जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात अ‍ॅलेक रिव्हर्स, इलान मॉयर आणि फ्रेडो ड्युरांड या तिघांनी २०१२ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत याच विषयावर पेपर दिला होता, हाताने ढकलायचं आणि जागा स्वतः दुरुस्त करणारं टूल. त्यातूनच पुढे शेपर ही कंपनी आली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये शेपर ओरिजिनची प्रीऑर्डर सुरू झाली, १,४९९ डॉलरला. २०१७ मध्ये देऊ म्हणाले होते, बऱ्याच जणांच्या हातात पडायला २०१८ उजाडलं. नंतर तेच टूल २,४९९ डॉलरला विकलं गेलं. २०१९ च्या सुरुवातीला फेस्टूल या जर्मन टूल ब्रँडच्या मूळ कंपनीने, म्हणजे टीटीएसने, शेपर विकतच घेतली.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतोय कारण आता दुसरं कोणी असलंच टूल आणलं की लोक म्हणतात "ओरिजिनवाल्यांचं भलं झालं ना, मग आपलंही होईल". झालं खरं. पण त्यांच्यामागे कित्येक वर्षांचं संशोधन होतं, चालणारा प्रोटोटाइप लोकांनी बघितलेला होता. नवीन जे कोणी येतंय त्याच्याकडे यातलं काय आहे ते बघा, आयडियाकडे नका बघू, आयडिया चालते हे आता सिद्ध झालेलंच आहे.

प्रीऑर्डर म्हणजे दुकानातून आगाऊ बुकिंग केल्यासारखंच ना?

इथेच बरेच जण फसतात. प्रीऑर्डर नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, थोडं डिपॉझिट भरून नंबर लावायचा, माल तयार झाला की उरलेले पैसे, मधे कधीही रद्द. दोन, पूर्ण पैसे आत्ताच, वस्तू नंतर. तीन, क्राउडफंडिंग, म्हणजे खूप लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करणं, जिथे कायद्याच्या नजरेने तुम्ही बहुतेक वेळा खरेदीच करत नसता, तुम्ही प्रोजेक्टला पाठिंबा देता आणि बदल्यात वस्तू मिळेल अशी आशा असते.

पहिल्या प्रकारात विचार कमी केला तरी चालतो. दुसऱ्यात तुम्ही कंपनीला बिनव्याजी कर्ज देताय, आणि तो मोठा डिस्काउंट हेच त्याचं व्याज. तिसऱ्यात पैसे बुडाले तरी रात्री झोप लागेल एवढेच टाका.

पेमेंटचं बटण दाबायच्या आधी रिफंडचं पान उघडून एक वाक्य शोधा, "माल पाठवेपर्यंत पूर्ण परतावा" अशा अर्थाचं. ते नसेल, किंवा "कंपनीच्या निर्णयानुसार" असलं काही गुळमुळीत असेल, तर तिथेच थांबा. आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, कारण ही पानं गुपचूप बदलतात.

पण डिस्काउंट जवळजवळ ४० टक्के आहे, आत्ता नाही घेतलं तर नुकसानच की

ज्या वस्तूची तुम्हाला गरज नाही तिच्यावर ४० टक्के वाचवले म्हणजे ६० टक्के घालवले, हे आमच्या घरात मला दर सेलला ऐकायला लागतं आणि दुर्दैवाने ते बरोबर असतं.

ओरिजिनचं उदाहरण घ्या, १,४९९ आणि २,४९९ मध्ये हजार डॉलरचा फरक. ज्यांनी घेतलं त्यांचा फायदाच झाला, यात वाद नाही. पण तो फायदा त्यांना वर्षभर पैसे अडकवून, न बघितलेल्या वस्तूवर भरवसा टाकून मिळाला. ज्यांनी नंतर घेतलं त्यांनी हजार जास्त दिले आणि त्या बदल्यात काय मिळालं, तर लोकांचे खरे अनुभव वाचायला मिळाले, सॉफ्टवेअरमधल्या सुरुवातीच्या चुका दुसऱ्यांनी सोसल्या, आणि वस्तू लगेच हातात. तुम्हाला त्या हजारात हे विकत घ्यायचंय का, असा विचार करा. धंद्यासाठी घेणाऱ्याने तर नक्की करा, कारण वर्षभर न आलेल्या टूलने एकही ऑर्डर पूर्ण होत नाही.

उशीर होतोच का?

होतो. होणार नाही असं धरून चालू नका. चालणारा एक नमुना बनवणं वेगळं आणि तसे हजारो बनवणं वेगळं, साचे बनवायला वेळ लागतो, एखादा पार्ट मिळेनासा होतो, विजेच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट पहिल्या फेरीत मिळत नाही. ग्लोफोर्ज नावाच्या लेझर कटरने २०१५ मध्ये ३० दिवसांत सुमारे २ कोटी ७९ लाख डॉलरच्या ऑर्डर गोळा केल्या होत्या, पैशांची कमी नव्हती, तरी तारखा पुढे पुढे गेल्या आणि कित्येकांना २०१७-१८ पर्यंत वाट बघावी लागली. वस्तू आली मात्र.

माझा ठोकताळा असा की कंपनीने सांगितलेल्या तारखेत एक वर्ष मिळवायचं आणि मग स्वतःला विचारायचं, तेव्हाही मला हे हवं असेल का?

आणि कंपनीच बुडाली तर?

टिको नावाचा थ्रीडी प्रिंटर होता, २०१५ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर सुमारे २९ लाख डॉलर जमले, किंमत बघून लोक वेडे झाले होते, २०१७ मध्ये काम थांबलं आणि खूप लोकांना काहीच मिळालं नाही. किंमत इतकी कमी ठेवली होती की त्या पैशांत वस्तू बनवणंच अवघड होतं. म्हणून अतिस्वस्त प्रीऑर्डर दिसली की मला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो. मोटर, स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा), कॅमेरा, टचस्क्रीन, प्रोसेसर, अचूक सरकणारे पार्ट, हे सगळं एका साध्या राउटरच्या किमतीत कसं बसवलं बुवा? उत्तर मिळत नसेल तर ते पैसे तुमच्याच खिशातून जाणारेत.

कार्डने पैसे भरलेत तर वस्तू न मिळाल्यास बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागता येतात, पण त्याला मुदत असते आणि प्रीऑर्डरमध्ये वाट बघता बघता ती मुदत निघून जाऊ शकते. बँकेला आधीच विचारून ठेवा.

मला हे लागतं की नाही, हे कसं ठरवू?

व्हिडिओ बंद करा आणि वही घ्या. गेल्या सहा महिन्यांत तुम्ही लाकडात जे जे केलं ते लिहा, जे करायचं ठरवलंय ते नाही, जे केलं ते. मग प्रत्येक कामापुढे लिहा, हे टूल असतं तर यात काय बदललं असतं.

मी केलं तेव्हा माझी यादी अशी निघाली. दोन शेल्फ, त्यात सरळ कापच होते, गोल करवतीने आणि पट्टीने झाले, टूलचा उपयोग शून्य. एक स्टूल, तिथेही शून्य. एका दाराला तीन बिजागऱ्यांच्या खाचा, इथे उपयोग झाला असता पण पटाशीने तासाभरात झाल्या. एक ट्रे, त्याच्या आत अंडाकृती खोलगट भाग, इथे मात्र खूप उपयोग झाला असता कारण मी त्याच्यासाठी एमडीएफचा (लाकडाचा बारीक चुरा डिंकात दाबून केलेल्या बोर्डाचा) फर्मा बनवण्यात अख्खा रविवार घातला, फर्मा घासून घासून गोलाई आणली आणि शेवटी ट्रेला वीस मिनिटं लागली. एक नावाची पाटी, अक्षरं मी कोरलीच नाहीत, रंगवली, कारण कोरायची हिंमत झाली नाही. म्हणजे पाचात दीड काम. त्यावर मी तेव्हा ऑर्डर केली नाही.

तुमच्या यादीत पाट्या, इनले (एका लाकडात दुसरं लाकूड बसवून केलेली नक्षी), वेड्यावाकड्या आकाराचे कटआउट, आधीच बसवलेल्या ओट्यात किंवा फ्लोअरिंगमध्ये कापायचं काम, एकच जोड दहा वेळा अचूक बसवायचा, असलं काही वारंवार येत असेल तर हे टूल तुमच्यासाठीच बनलंय. ओरिजिनची कापायची कमाल खोली ४३ मिमी आहे, तेही एका फेरीत नाही, थोडं थोडं उतरत. जाड लाकडात आरपार कापायचं स्वप्न असेल तर दुसरीकडे बघा.

साध्या राउटरने आणि फर्म्याने हेच होत नाही का?

होतं. एकाच आकाराच्या पन्नास वस्तू बनवायच्या असतील तर फर्मा आणि त्याच्या कडेला घासत फिरणारं बेअरिंगवालं बिट याच्यापेक्षा लवकर काम करेल, टेप नको, स्कॅन नको, काही नको. प्रत्येक वेळी आकार वेगळा असेल तेव्हा खरी किंमत कळते, कारण मग फर्माच बनवावा लागत नाही. कधीकधी तर लोक या टूलने आधी एक अचूक फर्मा काढतात आणि पुढच्या पन्नास वस्तू साध्या राउटरवर, मला ही युक्ती सगळ्यात शहाणपणाची वाटते.

मग त्यापेक्षा टेबलवरचा सीएनसीच का घेऊ नये?

जागा आहे का? हा पहिला प्रश्न आणि बहुतेकांसाठी शेवटचाही. टेबलवरचा सीएनसी फाइल दिली की स्वतः कापत बसतो, तुम्ही शेजारी उभं राहून लक्ष ठेवायचं, पण हाताने ढकलायचं नाही. हातातलं टूल तुम्हीच ढकलता, म्हणजे दोन तासांचं कोरीव काम असेल तर दोन तास तुमचे हात आणि तुमची कंबर. ओरिजिन ६.६ किलोचं आहे, सरकवायला जड नाही पण दिवसभर वाकून केलं तर जाणवतं. मोठ्या फळीभर बारीक नक्षी हवी असेल, किंवा फोटोसारखी उठावदार थ्रीडी कोरीव कामं, तर टेबलवरचाच घ्या. हातातलं टूल कपाटात मावतं आणि कामाच्या जागी नेता येतं, हा त्याचा हुकमाचा एक्का.

मला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग येत नाही, अडेल का?

थोडं अडेल. साधे गोल-चौकोन, अक्षरं टूलच्या स्क्रीनवरच काढता येतात. पुढचं काही करायचं तर एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या ड्रॉइंगची फाइल लागते, ती इंकस्केपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बनते. ओरिजिनमध्ये रंगावरून कटचा प्रकार ठरवता येतो, आत काळा भरलेला आकार म्हणजे बाहेरून काप, आत पांढरा आणि कडेला काळी रेघ म्हणजे आतून, राखाडी भरलेला म्हणजे खोलगट खाच, निळं म्हणजे फक्त खूण. अक्षरं टाकलीत तर ती आधी आकारात बदलावी लागतात नाहीतर टूलला दिसतच नाहीत, यात प्रत्येक जण एकदा तरी अडकतो. देवनागरी अक्षरं असतील तर अजून एक, शेजारशेजारची अक्षरं आणि त्यांच्या शिरोरेघा एकमेकांवर चढलेले वेगळे तुकडे असतात, ते जोडून एकच आकार केला नाही तर मधे नको तिथे रेघा कापल्या जातात.

प्रीऑर्डर करायच्या आधी हे फुकटात तपासून बघा. सॉफ्टवेअर घ्या, पाटीचं ड्रॉइंग करा. तेच करायला कंटाळा आला तर टूल आल्यावरही येणार.

किमतीशिवाय अजून किती खर्च?

इथे जाहिरात गप्प बसते. टेप हा कायमचा खर्च, वापरली की फेकायची, आणि ती त्याच कंपनीची लागते. बिटं, ती बोथट होतात, एमडीएफ आणि प्लायमधला डिंक त्यांना लवकर खातो. व्हॅक्युम नसेल तर तो. उभी फळी धरायला किंवा छोट्या तुकड्यावर काम करायला वेगळं स्टँड, कारण टूलच्या तळाला टेकायला सपाट जागा हवीच, फळीच्या काठावर अर्धं टूल हवेत गेलं की ते कलंडतं आणि कट बिघडतो. त्या स्टँडचं काम बाजूला त्याच जाडीचा तुकडा लावूनही भागतं, पण दर वेळी ती जोडाजोड करायचा वीट येतो. ड्रॉइंगच्या सोयीच्या सॉफ्टवेअरसाठी सबस्क्रिप्शन आहे का तेही बघा.

आणि कोलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी चिमटी! मी एकदा एक टूल प्रीऑर्डर केलं होतं, नाव घेत नाही, तर उत्साहात आधीच पाव इंची दांड्याची सहा बिटं घेऊन ठेवली, टूल आलं तर त्याला ८ मिमीचं कोलेट. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, बसायचा प्रश्नच नाही. ती बिटं महिनोनमहिने ड्रॉवरमध्ये माझ्याकडे बघत होती. याच टूलची तारीख तीन वेळा पुढे गेली, मधे माझं कार्ड बदललं आणि डिस्काउंटच्या फरकाचे परत येणारे थोडे पैसे जुन्या बंद कार्डावर गेले, ते सोडवायला मेलवर मेल. म्हणून कार्ड, पत्ता, फोन, बदललं की त्याच दिवशी कंपनीला कळवा.

डेमो व्हिडिओत काय बघू?

बिट कापताना सलग एक शॉट आहे का ते बघा. दर तीन सेकंदाला कट करून दाखवत असतील तर मधे काय झालं ते लपवलंय. आवाज आहे का की वर म्युझिक टाकलंय? राउटरचा आवाज ऐकून कळतं तो सहज कापतोय की रडतोय. लाकूड कोणतं, मऊ पाइन आणि पातळ प्लायवर सगळंच छान दिसतं, टणक लाकडात दाखवा म्हणावं. कंपनीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी, पैसे न घेता, वापरलंय का. आणि वस्तू खरी आहे की कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, हेही हल्ली बघावं लागतं.

जमलं तर सामायिक वर्कशॉपमध्ये असलं कुठलंही टूल असेल तिथे एक तास घालवा. मी केलं, आणि व्हिडिओत न दिसलेल्या तीन गोष्टी कळल्या. एकतर टेपवर भुसा साचला की कॅमेरा गोंधळतो, स्क्रीनवरची रेघ दिसेनाशी होते, मग थांबा, ब्रश मारा, पुन्हा सुरू. दुसरं, मी एका वळणावर स्क्रीनकडे बघत क्षणभर रेंगाळलो, बिट जागच्या जागी फिरत राहिलं आणि तिथे तपकिरी डाग पडला, जळल्याचा वास आला. हात अचूक नसला तरी चालतो पण हात चालता पाहिजे. तिसरं म्हणजे माझी नजर लाकडावर नव्हतीच, पूर्ण वेळ स्क्रीनवर, एखाद्या व्हिडिओ गेमसारखी. काहींना हे जाम आवडतं. मला लाकूडकामाच्या मधे स्क्रीन आल्याचं थोडं वाईट वाटलं, पण कट बघितला आणि गप्प बसलो, पहिल्या फेरीत रेघेच्या जरा आतून कापून शेवटची बारीक फेरी नेमकी रेघेवर मारली होती, कड इतकी गुळगुळीत की सँडपेपर हातात घेऊन परत ठेवला.

दुसऱ्या देशातून मागवलं तर?

व्होल्टेज आधी बघा. १२० व्होल्टचं टूल २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावलंत तर डिस्काउंट, वॉरंटी आणि टूल एकाच सेकंदात जाईल. ट्रान्सफॉर्मर लावता येतो पण टूल घेईल तेवढा वॉटेज त्याने झेपला पाहिजे, म्हणजे तो जड आणि महाग. शिवाय कस्टम ड्युटी, आणि रिपेअरला परत पाठवायचा खर्च कोणाचा, हे विचारून ठेवा.

आवाज, भुसा वगैरे फ्लॅटमध्ये झेपेल का?

टूल कितीही स्मार्ट असलं तरी आत राउटरच आहे, आवाज राउटरचाच. कानाला मफ हवेतच, शेजाऱ्यांसाठी मात्र काही उपाय नाही. भुशाला हलक्यात घेऊ नका, लाकडाचा भुसा कॅन्सरला कारणीभूत ठरतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने म्हटलेलंच आहे, आणि एमडीएफचा भुसा तर पिठासारखा बारीक. व्हॅक्युम लावून आणि मास्क घालूनच. कॅमेऱ्यालाही स्वच्छ टेप लागते, त्यामुळे इथे तुमची आणि टूलची गरज एकच आहे.

कंपनी बंद पडली तर टूल चालेल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि तो पहिल्या तीनात असायला हवा. कंपनीला सरळ मेल करा: इंटरनेटशिवाय, लॉगिनशिवाय, पेन ड्राइव्हवरून फाइल देऊन टूल कापेल का? टेप तुम्ही विकायची थांबवलीत तर मी ती घरी प्रिंट करू शकतो का? उत्तर "हो, असं असं" आलं तर चांगलं. "आमची टीम लवकरच" असं आलं तर तेही एक उत्तरच आहे.

पहिल्या बॅचमध्ये घेऊ की दुसऱ्या?

दुसऱ्या.

सेकंडहँड मिळालं तर?

बरेच लोक हौसेने घेतात, चार पाट्या करतात आणि विकतात, त्यामुळे मिळतात चांगल्या अवस्थेत. स्पिंडल हाताने फिरवून खरखर येतेय का बघा, कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे आहेत का, स्क्रॅपच्या तुकड्यावर एक चौकोन कापून आतला तुकडा उलटा करून त्याच भोकात बसतो का बघा, चारही बाजूंनी सारखा बसला तर घ्या. जुन्या मालकाच्या खात्यातून टूल सुटलंय ना तेही. माझ्या मते नवीन कंपनीचं न बघितलेलं टूल प्रीऑर्डर करण्यापेक्षा जुन्या कंपनीचं वापरलेलं टूल बरं, पण यावर माझं आणि माझ्या वर्कशॉपमधल्या मित्राचं अजिबात जमत नाही, तो म्हणतो मग नवीन लोकांनी काही बनवायचंच नाही का. त्याचंही बरोबर आहे, फक्त पैसे त्याने टाकावेत.

मी ऑर्डर केलीय, आता वाट बघताना काय करू?

बिटं घेऊ नका, वर सांगितलंच. टेबल सपाट करा, म्हणजे खरंच पट्टी आडवी-तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा, कारण फळी टेबलावर झुलली तर सगळं वाया. क्लॅम्प जमवा. इंकस्केपमध्ये रोज अर्धा तास घाला. घरातला साधा राउटर असेल तर स्क्रॅपवर खाचा मारत बसा, बाहेरून कापताना घड्याळाच्या उलट दिशेने आणि आतून कापताना घड्याळाच्या दिशेने, हे हाताला बसू दे, इथे दिशा चुकली तर बिट टूलला ओढून नेतं.

आणि कॅलेंडरमध्ये एक तारीख टाका, ज्या दिवसापर्यंत वस्तू आली नाही तर तुम्ही ऑर्डर रद्द करणार. ती आजच टाका, नंतर तारखा पुढे ढकलल्याचे मेल गोड भाषेत येतात आणि माणूस विरघळतो. माझ्याकडे असे तीन मेल अजून आहेत, तिसऱ्यात तर कारखान्यातल्या कुत्र्याचा फोटो पाठवला होता.